सहा हजार पॅकेटं, निकाल शून्य

एक राउटर आहे, म्हणजे एका तारेवरून आलेली पॅकेटं (माहितीचे छोटे गठ्ठे) दुसऱ्या तारेवर टाकणारं यंत्र. त्याला सेकंदाला दोन हजार पॅकेटं दिली तर तो जवळपास तेवढीच पुढे पाठवतो. त्याहून जास्त दिली की मात्र उलटंच होतं. आत येणारी पॅकेटं वाढतात आणि बाहेर पडणारी कमी होत जातात. सहा हजारांच्या आसपास बाहेर काहीच पडत नाही. यंत्र बंद पडलेलं नसतं, कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, कोसळलेला नसतो, स्क्रीनवर चुकीचा संदेश नसतो. प्रोसेसर एक क्षणही रिकामा नसतो. तरी पलीकडच्या तारेवर शुकशुकाट.

ही मोजमापं जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांची. मोगुल तेव्हा पालो आल्टोमधल्या डिजिटल कंपनीच्या वेस्टर्न रिसर्च लॅबोरेटरीत होते, रामकृष्णन एटी अँड टी बेल लॅबोरेटरीजमध्ये. १९९६ च्या जानेवारीत सॅन दिएगोला झालेल्या युझनिक्स परिषदेत त्यांनी हे प्रकरण मांडलं. इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी प्रोसेसरला मारलेल्या हाका, कसे हाताळावेत हे शिकवताना बहुतेक जण प्रोसेसरच्या पायऱ्यांपासून सुरुवात करतात: रेजिस्टर जपून ठेवा, हँडलरकडे (हाक हाताळणाऱ्या कोडकडे) उडी मारा, परत या. मला विचाराल तर सुरुवात या राउटरपासून करावी. इथे त्या सगळ्या पायऱ्या अचूक पार पडत होत्या आणि तरीही काम होत नव्हतं.

मांडणी साधी होती. मध्ये अल्फा प्रोसेसरचं एक यंत्र, त्याच डिजिटल कंपनीचं ३०००/३०० मॉडेल. त्यावर डिजिटल युनिक्सची ३.२ आवृत्ती आणि दहा मेगाबिटच्या दोन इथरनेट तारा. एका तारेवरचं यंत्र छोटी छोटी यूडीपी पॅकेटं सोडणार, प्रत्येकात जेमतेम चार बाइट माहिती. राउटरने ती दुसऱ्या तारेवर टाकायची. त्या तारेवर ती घेणारं कोणीच नव्हतं. राउटरच्या एआरपी तक्त्यात, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या कार्डाचा हे सांगणाऱ्या यादीत, खोटी नोंद घालून एक भुताटकीचा पत्ता तयार केला होता. प्रश्न घेणाऱ्याचा नव्हताच, पुढे पाठवणाऱ्या राउटरचा होता. अल्फाही मुद्दाम हाताशी असलेल्यांतला सगळ्यात संथ निवडला, कारण त्याला दमवायचं होतं.

इथरनेटचा हिशेबही आधी करून ठेवू. सगळ्यात लहान फ्रेम, म्हणजे तारेवर जाताना पॅकेटला मिळणारं वेष्टन, ६४ बाइटची. तिच्या आधी जाणारे आठ बाइट आणि दोन फ्रेममधली सक्तीची मोकळी जागा धरली की ८४ बाइट, म्हणजे ६७२ बिट. दहा मेगाबिटच्या तारेवर एका फ्रेमला ६७.२ मायक्रोसेकंद लागतात. त्यामुळे सेकंदाला जास्तीत जास्त १४,८८० फ्रेम येऊ शकतात. तार एवढी देऊ शकते, आणि राउटर सहा हजारांतच हात टेकतो.

घंटी आणि पायऱ्या

उपकरणाला प्रोसेसरचं लक्ष हवं असतं तेव्हा ते इंटरप्टची रेषा ओढते, म्हणजे जणू घंटी वाजवते. पाठ्यपुस्तकांत त्याला व्यत्यय म्हणतात, आणि या प्रकरणापुरता तो शब्द चपखल बसतो. प्रोसेसर हातातली सूचना पुरी करतो, कुठे होतो याची खूण ठेवतो आणि कर्नलने नेमून दिलेल्या हँडलरकडे जातो. पण सगळ्याच घंट्या सारख्या महत्त्वाच्या नसतात. म्हणून पीडीपी-११ या जुन्या संगणकाच्या काळापासून पायऱ्यांची पद्धत आली. प्रोसेसर स्वतः एका पायरीवर उभा असतो. त्याच पायरीची किंवा खालची घंटी वाजली तर ती थांबते, वरची वाजली तर ती मध्ये घुसते. नाजूक काम करताना कर्नल प्रोसेसरला वरच्या पायरीवर नेतो आणि काम झालं की खाली आणतो. युनिक्सच्या जुन्या कोडमध्ये एसपीएलने सुरू होणाऱ्या ज्या फंक्शनची रांग दिसते, ती हेच करतात. अल्फावरही ही पायऱ्यांची व्यवस्था होती.

युनिक्सच्या बीएसडी घराण्यातल्या कर्नलमध्ये पॅकेटचा प्रवास या पायऱ्या उतरत होतो. वरच्या पायरीवर नेटवर्क कार्डाचा हँडलर असतो. तो कार्डातून पॅकेट उचलतो, आयपीच्या (पत्ता बघून वाट ठरवणाऱ्या कोडच्या) रांगेत ठेवतो, खालच्या पायरीवर एक सॉफ्टवेअर इंटरप्ट लावतो आणि निघून जातो. खालच्या पायरीवर आयपीचा कोड रांगेतून पॅकेट घेतो, कुठे जायचं ते ठरवतो आणि बाहेर जाण्याच्या रांगेत टाकतो. सगळ्यात तळाला, जिथे कोणतीच घंटी अडवलेली नसते, तिथे आपले नेहमीचे प्रोग्रॅम चालतात.

या राउटरवर तळाशी असाच एक प्रोग्रॅम होता, स्क्रीनडी. तो मोगुल यांनीच आधी लिहिलेला, आजच्या भाषेत फायरवॉल. कर्नल त्याच्यापुढे पॅकेट ठेवणार, तो नियम बघून जाऊ द्या किंवा नको म्हणणार. म्हणजे प्रत्येक पॅकेटचा शेवटचा शिक्का सगळ्यात कनिष्ठ कारकुनाच्या हाती.

ही रचना मूर्खपणाची नव्हती. जुन्या कार्डांत बफर, म्हणजे पॅकेटं तात्पुरती ठेवायच्या जागा, मोजकेच असत. कार्ड लगेच रिकामं केलं नाही तर पुढचं पॅकेट हातचं जाणार, म्हणून घेण्याला पहिला मान. शिवाय तार क्वचितच भरून वाहायची. घंटी वाजली की धावत जाऊन माल आत घ्यायचा आणि उरलेलं सवडीने करायचं, हे तेव्हा बरोबरच होतं. सवड मिळणारच, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

सवड संपते तेव्हा

प्रसिद्ध आकड्यांवरून एक ढोबळ हिशेब मांडून बघतो. ही आकडेमोड माझी आहे, त्यांची नाही. स्क्रीनडीसकट शिखर दोन हजारांचं, म्हणजे एका पॅकेटच्या पूर्ण प्रवासाला साधारण ५०० मायक्रोसेकंद. सहा हजारांवर सगळं ठप्प, म्हणजे पॅकेट कार्डातून उचलून स्क्रीनडीच्या दारापर्यंत आणायलाच साधारण १६६ मायक्रोसेकंद. उरलेले ३३४ स्क्रीनडी आणि पुढची पाठवणी खातात.

आता सेकंदाला चार हजार पॅकेटं सोडा. ती दारापर्यंत आणण्यातच सेकंदाचा दोन-तृतीयांश भाग जातो. उरलेल्या एक-तृतीयांशात स्क्रीनडी हजारेक पॅकेटं उरकतो. बाकी तीन हजार त्याच्या दारात रांग भरली म्हणून फेकली जातात. आणि फेकलेल्या प्रत्येक पॅकेटवर आधीच १६६ मायक्रोसेकंद खर्च झालेले असतात! सहा हजारांवर तर सगळा वेळ आणण्यातच जातो. स्क्रीनडीला एक सूचनाही चालवायला मिळत नाही.

मंगल कार्यालयात यजमान दर पाहुण्याला दारात जाऊन हात जोडून आत आणतो, पण वाढायलाही तोच एकटा असेल तर काय होईल? पाहुणे वाढतील तसं वाढणं मागे पडेल. शेवटी मांडव भरेल आणि पंगत बसणारच नाही.

या अवस्थेला त्यांनी रिसीव्ह लाइव्हलॉक म्हटलं. डेडलॉकमध्ये सगळे एकमेकांची वाट बघत गप्प बसतात आणि तो निदान ओळखू तरी येतो. लाइव्हलॉकमध्ये सगळे धावत असतात. बाहेरून बघणाऱ्याला यंत्र फार कष्टाळू वाटतं.

स्क्रीनडी काढून टाकलं तरी रोग होताच, फक्त सौम्य. निव्वळ कर्नलमधून पुढे पाठवताना शिखर ४,७०० च्या आसपास आलं आणि तिथून उतार लागला. पूर्ण शून्य मोजता आलं नाही, पण उताराची रेषा पुढे ओढली तर ती १४,८८० च्या आधीच तळाला टेकते. इथे पॅकेटं मरत होती ती आयपीच्या रांगेपाशी. वरची पायरी भराभर भरणार, खालच्या पायरीला पाळी नाही, रांग भरली की वरचाच हँडलर नुकतं उचललेलं पॅकेट टाकून देणार. स्वतः आणायचं आणि स्वतःच फेकायचं.

आणखी एक त्रास आकड्यांत चटकन दिसत नाही. एका झोतात दहा पॅकेटं आली, तर आधी दहाच्या दहा कार्डातून उचलली जातात आणि मग पहिल्याची पाठवणी सुरू होते. पहिल्या पॅकेटला आपल्या मागे आलेल्या नऊ जणांचं स्वागत होईपर्यंत थांबावं लागतं. गाडी आधी आली म्हणून ती आधी सुटेल असं नाही.

पहिला उपाय आणि त्याची फजिती

निदान झालं की उपाय सोपा वाटतो. घंटी बंद करा. हँडलर आला की त्याने एवढीच नोंद करायची की या कार्डाकडे काम आहे, आणि जाताना त्या कार्डाचे इंटरप्ट बंदच ठेवायचे. खरं काम कर्नलमधला एक धागा (थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारं काम) करेल, आणि तोही खालच्या पायरीवरून. तो कार्डांकडे स्वतःहून जाईल, पॅकेट उचलेल आणि मध्ये कुठेही रांगेत न ठेवता थेट बाहेरच्या तारेपर्यंत नेईल. आयपीची रांगच रद्द. काम संपलं की मगच पुन्हा घंटी चालू. म्हणजे घंटी फक्त झोपेतून उठवण्यापुरती, जाग आल्यावर आपणच दाराकडे बघायचं.

त्यांनी हे बांधलं आणि मोजलं. नव्या कर्नलची कामगिरी जुन्यापेक्षाही वाईट निघाली. भार वाढताच बाहेर पडणारी पॅकेटं जवळजवळ शून्यावर आली.

या प्रकरणातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. हेतू बरोबर, रचना बरोबर, तरी निकाल उलटा. कारण धाग्याला सांगितलं होतं की कार्डात पॅकेट आहे तोवर घेत राहा. भार जास्त असताना कार्डात पॅकेट नेहमीच असतं. पण पाठवण्याच्या बाजूचंही काम असतं. तारेवर गेलेल्या पॅकेटची जागा मोकळी करणं, तिथे पुढचं ठेवणं, हेही कोणीतरी करायला लागतं. धागा घेण्यातून बाहेरच येईना, तर ती जागा मोकळी कोण करणार? बाहेरची रांग तुंबली आणि पुरता प्रवास करून आलेली पॅकेटं अगदी शेवटच्या पावलावर फेकली जाऊ लागली. आधी निदान अर्ध्या वाटेत मरत होती, आता पूर्ण खर्च करून मरायला लागली.

इंटरप्ट काढले म्हणून हावरेपणा गेला नव्हता. तो घंटीत नव्हताच. जे येतंय ते आधी घ्या, या आज्ञेत तो होता.

कोटा

दुरुस्ती एका आकड्याची निघाली. एका फेरीत एका कार्डाकडून अमुक इतकीच पॅकेटं घ्यायची. मग उठायचं, पाठवण्याची बाजू बघायची, दुसऱ्या कार्डाकडे जायचं, आणि फिरून परत यायचं. आळीपाळीने सगळ्यांना समान हात. कोटा पाचासारखा लहान ठेवला तेव्हा राउटर शिखरावर पोचला आणि तिथेच टिकला. भार कितीही वाढवा, बाहेरची रेषा सपाट.

जास्तीची पॅकेटं कुठे गेली? ती कार्डातच मेली. कार्डाचे बफर भरले की पुढचं पॅकेट कार्ड स्वतःच सोडून देतं आणि प्रोसेसरला त्याचा पत्ताही लागत नाही. त्याच्यावर एक मायक्रोसेकंदही खर्च होत नाही. अतिभारात पॅकेटं फेकावी लागणारच, तो काही दोष नाही. फक्त ती दारातच फेकली तर फुकट पडतं आणि माजघरापर्यंत आणून फेकली तर महाग. जुन्या पिढीचा कर्नल लिहिणाऱ्यांच्या मनाला हे मानवलं नसणार. ज्या पॅकेटला वाचवायला वरची पायरी दिली होती, त्यालाच आता मुद्दाम बुडू द्यायचं होतं.

पण स्क्रीनडी परत चालू केलं की पुन्हा तेच ठप्प. धागा वरच्या पायरीवरून खाली आला असला तरी तो कर्नलमध्ये होता आणि स्क्रीनडी सामान्य प्रोग्रॅम. धाग्याने कोटा पाळला, फेऱ्या मारल्या, घेणं-पाठवणं दोन्हीकडे बघितलं. पण त्या फेऱ्या कधी संपतच नव्हत्या, म्हणून तळाच्या कारकुनाला पाळीच नाही.

म्हणून दारापर्यंत निरोप पोचवायची सोय केली. स्क्रीनडीपुढच्या रांगेत ३२ पॅकेटं मावत. ती तीन-चतुर्थांश भरली की पॅकेट घेणं थांबवायचं, घंटीसुद्धा बंद. मग धाग्याला काम उरत नाही, प्रोसेसर मोकळा होतो आणि स्क्रीनडीला वेळ मिळतो. रांग एक-चतुर्थांशावर उतरली की पुन्हा घेणं सुरू. चोवीसला थांबायचं, आठला सुरू करायचं. गच्चीवरची टाकी भरत आली की पंप बंद करणारा फ्लोट आपण बघतोच, तोच हा.

यात एक बारीक खाच आहे. समजा स्क्रीनडी अडकलं किंवा मेलं, तर रांग कधी उतरणारच नाही आणि राउटर कायमचा बहिरा होईल. मग स्क्रीनडीशी संबंध नसलेली पॅकेटंही अडतील, अगदी बाहेरून लॉगिन करून ते स्क्रीनडी बंद करायला आलेल्याचीसुद्धा. म्हणून एक मर्यादा घातली. घड्याळाच्या एका ठोक्यानंतर, म्हणजे साधारण एका मिलिसेकंदात, घेणं आपोआप पुन्हा सुरू व्हायचं. ऐकणं बंद करताना पुन्हा कधी ऐकायचं हे आधीच ठरवून ठेवलेलं. हे एवढंसं कलम ज्याला सुचलं, त्याने रात्री-अपरात्री अडकलेली यंत्रं पाहिलेली असणार.

तरीही एक जण उपाशी होता. राउटरवर आकडेमोड करणारा साधा प्रोग्रॅम लावला तर जोराच्या भारात तो तसूभरही पुढे सरकत नसे. त्याच्यासमोर कुठली रांगच नाही, मग भरणार काय आणि निरोप देणार कोण? त्यासाठी प्रोसेसरचा वेळच मोजायला घेतला. अल्फात घड्याळाची आवर्तनं मोजणारा काउंटर होता. ठरावीक कालावधीत पॅकेटांवर किती आवर्तनं गेली ते बघायचं आणि ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त गेली की पुढच्या कालावधीपर्यंत घेणं बंद. राउटर थोडा मंद होतो, पण त्यावर बसलेला माणूस कीबोर्ड दाबतो तेव्हा अक्षर उमटतं.

पुढे

लिनक्सला हाच रोग जडला तो वेगवान तारांसोबत. शंभर मेगाबिटला सेकंदाला १,४८,८०० लहान फ्रेम, गिगाबिटला त्याच्या दहापट. प्रत्येकीला घंटी द्यायची तर प्रोसेसरने दुसरं काही करायलाच नको. जमाल हादी सलीम, रॉबर्ट ओल्सन आणि अलेक्सी कुझ्नेत्सोव यांनी २००१ मध्ये जी रचना मांडली, ती पुढे नापी या नावाने रुळली आणि २.४.२० आवृत्तीत सगळ्यांच्या हाती आली. पहिला इंटरप्ट आला की ड्रायव्हर (कार्ड चालवणारा कोड) कार्डाची घंटी बंद करतो आणि कामाची चिठ्ठी लावतो. मग कर्नल फेऱ्या मारतो. एका फेरीत एका रांगेतून सहसा ६४ पॅकेटं, सगळ्या मिळून ३००. तेवढ्यात काम संपलं तर घंटी चालू, नाही तर पुढची पाळी. आणि पॅकेटांचं काम फारच लांबलं, तर ते केसॉफ्टआयआरक्यूडी नावाच्या एका साध्या धाग्यावर सोपवायचं, म्हणजे शेड्युलर (कोणाला कधी पाळी हे ठरवणारा भाग) त्याला बाकीच्या प्रोग्रॅमांच्याच रांगेत उभं करतो. लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्या कोणीही टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅमांची यादी दाखवणाऱ्या साधनात) हा धागा वर चढलेला पाहिला असेल. तो दिसला की घाबरायचं कारण नाही. वरच्या पायरीवरचा हावरा माणूस खाली आणून बसवल्याची ती खूण आहे. घाबरायचं ते तो सतत पूर्ण एक कोअर धरून बसला तर.

हार्डवेअरनेही आपला वाटा उचलला. कार्डं आता दर पॅकेटला घंटी वाजवत नाहीत, थोडी साठवून किंवा थोडा वेळ थांबून एकदाच वाजवतात. एकाच कार्डाच्या वेगवेगळ्या रांगा वेगवेगळ्या कोअरकडे जातात आणि प्रत्येक रांगेची घंटी वेगळी. पण एका कोअरपुरतं बघितलं तर प्रश्न अल्फाचाच राहतो.

स्क्रीनडीचा निरोप मात्र नापीत आला नव्हता. कोटा होता, फेऱ्या होत्या, पण तळाच्या प्रोग्रॅमला घंटीबद्दल बोलायचा अधिकार नव्हता. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या लिनक्सच्या ६.१३ आवृत्तीत तो मिळाला. मार्टिन कार्स्टेन आणि ज्यो दमातो यांच्या या कामामुळे, प्रोग्रॅम स्वतः पॅकेटं घेत असतो आणि त्याच्या हाती काम असतं तोवर कर्नल त्या रांगेचे इंटरप्ट बंदच ठेवतो. त्याची पाटी कोरी झाली की ते पुन्हा चालू होण्याची वाट मोकळी होते. याच सोयीत वेळेची एक मर्यादाही आहे. प्रोग्रॅम मध्येच कुठे अडकून पडला, तर ती मुदत संपताच घंटी त्याला न विचारता पुन्हा वाजू लागते.